टांगणी

दाराशी तिकिटं अ‍ॅम्ब्रोज टॅली फाडायचा
आणि त्याच्या डाव्या हाताला, पलंगाएवढ्या जागेत, मी:
व्हर्नेल पेटिग्रू, वय सतरा, कोट सांभाळणारी.
साठ खुंट्या, साठ पितळी बिल्ले.
सदतिसावा कुणीतरी पहिल्याच वर्षी ओहायो नदीत पाडला,
म्हणून एकोणसाठ म्हणा.

गाणं मला कधी पुरतं ऐकू आलं नाही.
भिंतीतून यायचं ते, ढोल जास्त, सूर कमी.
खुंट्यांवरच्या बाह्या किंचित हलायच्या,
जणू आत थोडी थोडी माणसं राहिली होती.

कोट हातात आला की कळायचं.
पोलादाच्या भट्टीचा वास कॉलरमध्ये,
शनिवारी घासूनपुसून अंघोळ केली तरी न जाणारा.
डेलफीन क्रम बाईंच्या खिशात खडू.
रेल्वेत गोऱ्यांच्या उशा लावणारे,
दिवसभर ज्यांना एकाच परक्या नावाने हाक पडायची,
त्यांच्या अस्तरावर लाल दोऱ्याने
स्वतःचं नाव, आडनावासकट.
वाजवणाऱ्यांचे कोट मी घेत नसे.
गावातल्या मोठ्या हॉटेलात वाजवून
झोपायला ते आमच्याच माडीवर यायचे,
आणि माडीवर शेगडी नव्हती.

लोक म्हणतात, नाचायची जागा होती.
होतीच.
रविवारी तीच टेबलं जोडून मयताचं जेवण व्हायचं.
संपाच्या वर्षी पियानोच्या झाकणावर पिठाच्या पिशव्या,
म्हणून तीन महिने पियानो मुका.
कुणाचं भाडं थकलं की टोपी फिरायची,
टोपी माझ्या खुंटीवरची, ज्याची असेल त्याची.
पडद्यामागे पोरांना लस टोचायचे,
आणि रडणाऱ्या पोराला ड्रम वाजवायला मिळायचा,
म्हणून न दुखलेलीही रडायची.

पन्नासच्या डिसेंबरात आयझम लाइल्सने
उंटाच्या रंगाचा कोट माझ्याकडे दिला.
म्हणाला, सैन्य देतंय की दुसरा,
हा राहू दे, आल्यावर नेतो.
बिल्ला एक्केचाळीस.
तार त्याच्या आईला आली.
मग त्याच्या वस्तूंचं पुडकं आलं. बिल्ला त्यात नव्हता.
बिल्ल्याशिवाय कोट देऊ नये, हा टॅलीचा नियम,
आणि तिनेही कधी मागितला नाही.
रविवारी वाडगा हातात धरून यायची,
एका बाहीची सुरकुती सरळ करायची,
आणि रांगेत परत जायची.

मग नकाशावर रेघ आली.
रेघेमागून तीन माणसं आली,
कोट हातावरच ठेवून हिंडली. मला दिले नाहीत.
कागदावर त्यांनी लिहिलं, गल्लीला कीड लागली आहे.
रस्ता हवाय, म्हणाले.
टॅली म्हणाला, हा काय मग?
आणि बोटाने दाखवला.

शेवटची रात्र जुलैत पडली.
उकाड्याने जीव जात होता,
आणि माणसं कोट घालून आली.
लोकरीचे, फरचे, आजोबांचे, उसने मागितलेले,
घामाने निथळत, हसत, माझ्यापुढे रांग लावून.
खुंट्या भरल्या, मग खुर्ची, मग माझे खांदे.
टॅलीला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.
त्या रात्रीही नाही,
तो बाहेर जाऊन उगाच पायरी झाडत होता.
पहाटे सगळे कोट गेले.
बिल्ले कुणी परत दिले नाहीत,
मी मागितले नाहीत.

आता वरून गाड्या जातात.
तिसऱ्या खांबाला पाठ टेकली
की मणक्यातून तेच येतं, ढोल जास्त, सूर कमी.
कोट माझ्या कपाटात आहे. कसर लागू दिलेली नाही.
नियम अजून तोच: बिल्ला दाखवा, घेऊन जा.

फक्त एकदा, गेल्या थंडीत,
शेगडी बंद पडली तेव्हा,
मी तो घातला.
बाह्या लांब आहेत. फार लांब.